टेपचे दुसरे टोक कोण धरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय मैदानी स्पर्धांचा मोसम आला की वाचकांच्या पत्रांत दोन तक्रारी हमखास दिसतात. आमच्या तालुक्याला सिंथेटिक ट्रॅक कधी मिळणार, ही एक. अमुक स्पर्धेत पंचांनी अन्याय केला, ही दुसरी. दोन्हींत तथ्य असते. पण मैदानावर रोज नडते ते तिसरेच, आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही. गोळाफेकीच्या वर्तुळापाशी एकटे क्रीडाशिक्षक उभे असतात. गळ्यात शिट्टी, बगलेत नोंदवही, एका हातात टेप. टेपचे दुसरे टोक धरायला माणूस नसतो. मग पुढच्या फेकीला उभ्या असलेल्या मुलाचा मित्रच ते धरतो आणि अन्यायाची पुढची तक्रार तिथेच जन्माला येते.

‘मुलीला ॲथलेटिक्समध्ये घालायचे आहे, कुठे न्यावे?’ असे पालक विचारतात. भरतीची तयारी करणारी मुले विचारतात, निवृत्त झालेले शिक्षक विचारतात. क्लास, बूट, प्रोटीन पावडर हे सगळे नंतर. आधी रविवारी सकाळी तीन तास मोकळे ठेवा, गावातल्या शाळेच्या मैदानावर जा आणि क्रीडाशिक्षकांबरोबर ट्रॅक आखायला शिका. हे काम ज्याला येते त्याच्याभोवती मुले आपोआप गोळा होतात.

चारशे मीटरचा ट्रॅक शाळेच्या मैदानात बसत नाही, त्यामुळे दोनशे मीटरचा आखायचा. चार लेनला साधारण ९० बाय ५० मीटर जागा पुरते. पुस्तकातून आकडे उतरवण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. कडेला उंच काठ (कर्ब) असेल तर पहिल्या लेनचे अंतर काठापासून ३० सेंटीमीटरवर मोजतात. नुसती फक्कीची रेघ असेल तर २० सेंटीमीटरवर. आपल्याकडे काठ नसतोच, म्हणून २०. सरळ बाजू ४० मीटर आणि वळणाची त्रिज्या १८.९० मीटर धरा. दोन सरळ बाजूंचे ८० मीटर झाले, आणि १९.१० मीटर त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचे १२० मीटर. बेरीज दोनशे.

आखताना मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने ४० मीटर अंतरावर दोन लोखंडी खुंट्या ठोका. ही वळणांची केंद्रे. दोन्ही खुंट्यांवर काटकोन काढून दोन्ही बाजूंना १८.९० मीटरवर खुणा करा. काटकोनाला गवंडी वापरतात तोच ६-८-१० मापाच्या बाजूंचा त्रिकोण चालतो. चार खुणांचा मिळून ४० बाय ३७.८० मीटरचा आयत होतो आणि त्याचे दोन्ही कर्ण ५५ मीटर साडेतीन सेंटीमीटर भरले पाहिजेत. एक कर्ण जास्त आणि दुसरा कमी आला, तर आयत तिरका झाला आहे. पुढे जाऊ नका, काटकोन पुन्हा काढा. ही तपासणी टाळली, तर एका वळणातून सरळ बाजूला येताना रेघ मोडल्यासारखी दिसते आणि मग ‘जरा हाताने जुळवून घेऊ’ सुरू होते.

वळण ओढायला सुतळी किंवा नायलॉनची दोरी घेऊ नका. सुतळी दवाने आखडते आणि नायलॉन ओढीने ताणते, त्यामुळे अर्धवर्तुळाच्या सुरुवातीची त्रिज्या शेवटी राहत नाही. बांधकामाची बाइंडिंग वायर किंवा स्टीलची टेप घ्या. वायरचा एक फास खुंटीत सैल फिरता ठेवा, दुसऱ्या टोकाला मोठा खिळा बांधा आणि मातीत ओरखडा काढत चला. लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे त्रिज्या अनुक्रमे १८.९०, २०.१२, २१.३४, २२.५६ आणि २३.७८. रेघ ५ सेंटीमीटर रुंद असते आणि ती ओरखड्याच्या आतल्या बाजूला पडली पाहिजे, कारण लेनच्या रुंदीत तिच्या बाहेरच्या बाजूची रेघ धरलेली असते. फक्की ओरखड्याच्या मधोमध सांडली, तर प्रत्येक त्रिज्या अडीच सेंटीमीटरने वाढते.

फक्कीबद्दल दोन शब्द. चार लेनच्या पाच रेघा मिळून एक किलोमीटरहून जास्त भरतात, त्यामुळे कोणीतरी स्वस्तातला कळीचा चुना आणतो. तो आणू नका. ओल लागली की तो तापतो, आणि लहान मुले पडतात तेव्हा डोळ्यात आणि खरचटलेल्या गुडघ्यात तोच जातो. पांढरी दगडी भुकटी किंवा खडूची पूड घ्यावी. पावसात रेघ टिकावी म्हणून काही ठिकाणी जळके ऑइल ओततात. त्याने गवत मरते, पाय घसरतो आणि अनवाणी धावणाऱ्या पोरांचे तळवे आठवडाभर काळे राहतात. त्यापेक्षा दोन्ही केंद्रांवर आणि आयताच्या चार कोपऱ्यांवर जमिनीच्या पातळीला काँक्रीटचे ठोकळे कायमचे बसवून घ्या. मधोमध खिळा, वर माती. पुढच्या वेळी टेप लावून खिळे शोधले की अर्धे काम झाले. पहिल्यांदा तीन माणसांना तीन तास लागतात, दुसऱ्यांदा दीड.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, स्टॅगर. बाहेरच्या लेनमधल्या धावपटूला किती पुढे उभे करायचे, त्याचे अंतर. चारशे मीटरच्या ट्रॅकवर पूर्ण फेरी लेनमध्येच धावायची असेल, तर दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.०४ मीटर आणि तिसऱ्याचा १४.७०. हे आकडे अनेक क्रीडाशिक्षकांना पाठ असतात आणि नेमके तेच दोनशेच्या मातीच्या ट्रॅकवर उतरवले जातात. पण ७.०४ हा आकडा काठ असलेल्या ट्रॅकचा आहे. पहिली लेन काठापासून ३० सेंटीमीटरवर आणि बाकीच्या रेघेपासून २० वर मोजल्यामुळे तो येतो. काठ नसेल तर सगळ्या लेन २० वरच मोजायच्या आणि प्रत्येक लेनला एका फेरीमागे ७.६७ मीटर द्यायचे. दोनशेच्या ट्रॅकवर चारशे मीटर पूर्ण लेनमध्ये धावायचे तर फेऱ्या दोन, म्हणजे दर लेनला १५.३३. त्रिज्या मोठी की लहान, याने हा आकडा बदलत नाही. लेनची रुंदी बदलली तरच बदलतो.

आकडा बरोबर असूनही जमिनीवर चूक होते ती अशी. चौथ्या लेनला एका फेरीचा स्टॅगर २३ मीटर आला. दोघांनी टेप धरली, वळणाच्या सुरुवातीपासून सरळ २३ मीटर ताणली आणि खूण केली. पण टेप सरळ गेली आणि धावपटू वळणावरून जाणार. सरळ २३ मीटरवर केलेली खूण वळणावरून मोजली तर २४.११ मीटरवर पडते. चौथ्या लेनवाल्याला एक मीटरहून जास्त अंतर फुकट मिळाले! आपल्या तालुक्यात ‘बाहेरची लेन लकी’ असा समज असेल, तर त्याचे मूळ बहुधा यातच आहे. चौथ्या लेनच्या २३ मीटरसाठी सरळ टेप २२.०३ मीटरलाच थांबवावी लागते आणि दुसऱ्या लेनच्या ७.६७ साठी ७.६२ ला. हा हिशेब नको असेल, तर लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेर, दर मीटरवर खिळे रोवत वळणावरूनच मोजत जा. वेळ लागतो, चूक होत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हे जरूर वाचावे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक असते. पहाटे पाचला गावागावांत डांबरी रस्त्यावर जो सराव चालतो, त्यातले १६०० मीटर मोटरसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइलच्या अॅपवर मोजलेले असतात. दोन्ही मापे अंदाजाची. दोनशेचा ट्रॅक आखून घेतला की आठ फेऱ्या, विषय संपला. तिथेही गटाने धावताना बाहेरच्या कडेने धावू नका. रेघेपासून एक मीटर बाहेर धावले की दर फेरीला सव्वासहा मीटर जास्त पडतात, आठ फेऱ्यांत पन्नास. वेळ का सुटत नाही याचे उत्तर कधी कधी इतके साधे असते. दुसरे, डांबरावर एकदम अंतर वाढवले की नडगीच्या आतल्या बाजूने दुखायला लागते. ते ‘अंग मोडून येतंय’ म्हणून रेटू नका. तीन-चार दिवस थांबा, मातीवर किंवा गवतावर या आणि अंतर हळूहळू वाढवा. हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि एवढी सगळी मुले रोज मैदानावर असतातच, तर त्यांतल्या चौघांनी महिन्यातून एकदा स्टॉपवॉच हातात घेऊन शाळेच्या मुलांना मदत करायला काय हरकत आहे?

कारण वेळ घेणे ही बोटाची सवय आहे, ती सरावाने येते. शंभर मीटरच्या शर्यतीत वेळ घेणारे शेवटच्या रेघेपाशी असतात आणि पिस्तूल किंवा लाकडी टाळी दुसऱ्या टोकाला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे आवाज ऐकून घड्याळ सुरू केले तर जवळजवळ ०.३ सेकंद तिथेच गेले. म्हणून धूर बघायचा. टाळी वापरत असाल, तर ती डोक्यावर धरा, मागे काळे कापड किंवा गडद रंगाची पाटी उभी करा आणि फळ्या मिटताना बघून बटण दाबा. तालुक्याला १२.० धावलेली मुलगी जिल्ह्याला १२.३ धावते तेव्हा तिचा फॉर्म गेलेला नसतो. तालुक्याला घड्याळ आवाजावर सुरू झालेले असते, एवढेच.

हाताने घेतलेली वेळ दशांशाच्या एकाच स्थानापर्यंत लिहायची, आणि तीही वरच्या दिशेने. घड्याळात १२.३१ दिसले तर नोंद १२.४. मोबाइलवर दोन आकडे दिसतात म्हणून १२.३१ असेच लिहिलेले निकालपत्र दिसले, की वेळ घेणाऱ्याला नियम माहीत नाही हे कळते. पहिल्या नंबरावर तीन घड्याळे ठेवावीत. तिन्ही वेगळी आली तर मधली वेळ घ्यायची, दोन सारखी आली तर ती. दोनच घड्याळे असतील तर जास्तीची. तीन नवख्या माणसांनी एक सकाळ एकाच धावपटूची वेळ घेत बसावे. सुरुवातीला तिघांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. तो ०.२ च्या आत आला, की त्यांना स्पर्धेत बसवायला हरकत नाही. आणि शेवटी बघायचे ते धड. डोके, हात किंवा पाय नव्हे. रेघेच्या अलीकडच्या कडेच्या सरळ वर धड आले की शर्यत संपली. हात पुढे फेकणारा पोरगा पहिला वाटतो, तो नसतो. शंका असेल तर नेमक्या रेघेच्या रोखाने स्टँडवर मोबाइल ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. वेळेसाठी ते चालत नाही, नंबर ठरवायला चांगली मदत होते.

लांब पल्ल्यात वेगळीच फजिती होते, फेऱ्या चुकतात. दोनशेच्या ट्रॅकवर तीन हजार मीटर म्हणजे पंधरा फेऱ्या आणि पाच हजार म्हणजे पंचवीस. मागे पडलेल्यांना पुढचे ओलांडतात आणि बाराव्या फेरीनंतर कोणालाच खात्री नसते. यावर इलाज म्हणजे एका नोंदकाकडे चारपेक्षा जास्त धावपटू देऊ नयेत, आणि त्याने नुसत्या रेघोट्या न मारता प्रत्येक फेरीला छातीवरच्या क्रमांकासमोर घड्याळातली वेळ लिहावी. फेरीला ४५ सेकंद घेणाऱ्या मुलासमोर मध्येच ९० सेकंदांची उडी दिसली, तर फेरी धावपटूने चुकवली नाही, नोंदकाने चुकवली. शेवटच्या फेरीला शाळेची घंटा वाजवावी, आणि ती पुढच्याच धावपटूसाठी आहे हे बाकीच्यांना आधी सांगून ठेवावे.

रिलेची एक जुनी सवय अजून जात नाही. ४ बाय १०० मध्ये पूर्वी १० मीटर धाव घ्यायला आणि २० मीटर बॅटन बदलायला असत. २०१७च्या अखेरीपासून हे एकत्र करून पूर्ण ३० मीटर बदलाचा पट्टा झाला आहे. जुनी दहा मीटरची खूण घालून त्याआधी बॅटन घेतला म्हणून संघ बाद करणे आता चूक आहे. ४ बाय ४०० ला मात्र २० मीटरच.

फेकींकडे वळतो. गोळ्याचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे, म्हणजे खिळ्यापासून वायर १ मीटर पावणेसात सेंटीमीटर. सेक्टरचा, म्हणजे गोळा ज्या दोन रेघांच्या आत पडला पाहिजे त्यांचा, कोन ३४.९२ अंश लिहिलेला असतो, पण कोनमापक शोधत बसू नका. केंद्रापासून दोन्ही रेघांवर २० मीटरवर खुणा करा. दोन खुणांतले अंतर १२ मीटर आले की कोन बरोबर. जागा कमी असेल तर १० मीटरला ६. भालाफेकीचा कोन कमी, २८.९६ अंश, तिथे २० मीटरला १० मीटर. मोजताना टेपचा शून्य गोळा पडलेल्या खड्ड्याच्या वर्तुळाकडच्या कडेला असतो, टेप वर्तुळाच्या केंद्रावरून जाते आणि आकडा वर्तुळाच्या आतल्या कडेला वाचायचा असतो. मुलगा जिथे उभा होता तिकडे टेप नेली की आकडा चुकतो. सेंटीमीटरच्या खालचे सोडून द्या, ११.४३९ म्हणजे ११.४३. टेप नवी असेल तर शून्य कड्याच्या बाहेरच्या टोकाला आहे की आत, हे आधी दोघांनी मिळून बघा. अर्ध्या स्पर्धेनंतर हे लक्षात आले की वही बंद करून घरी जाण्याखेरीज काही उरत नाही.

वजनांचाही घोळ होतो. पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, १८ ते २० वयोगटातल्या मुलांना ६, अठरा वर्षांखालील मुलांना ५. महिलांना ४ आणि अठरा वर्षांखालील मुलींना ३. गावातला एकच सात किलोचा गोळा सगळ्यांच्या हातात फिरतो आणि चौदा वर्षांचा मुलगा तो क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकतो. गोळा फेकायचा नसतो, मानेला टेकवून तिथून ढकलायचा असतो. कोपर गोळ्याच्या मागे राहिले पाहिजे. कोपर खाली पडले की खांदा आणि कोपर दोन्ही दुखावतात. भाला परत आणताना टोक खाली करून हातात उभा धरून आणायचा. तो परत फेकायचा नाही, कोणीही, कधीही, गंमत म्हणूनसुद्धा. थाळीफेकीला जाळी नसेल तर थाळीफेक घेऊ नका. यावर चर्चा नाही.

लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू हा दुर्लक्षाचा नमुना आहे. नदीची वाळू मिळत नाही म्हणून दगडाची कृत्रिम वाळू टाकतात. तिचे खडे टोकदार असतात आणि तिच्यातली भुकटी पाणी मारल्यावर सिमेंटसारखी बसते. टाकायचीच असेल तर जाड चाळणीने खडे काढा आणि धुऊन भुकटी घालवा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी खड्डा कुदळीने फूटभर खणून उलथवा, काच आणि कुत्र्यांची घाण काढा, पाणी मारा. सकाळी वाळू जिच्यावरून उडी घेतात त्या फळीच्या पातळीला आणून सपाट करा. वाळू खाली असेल तर उडी फुकटची लांब मोजली जाते आणि गुडघ्याला दणका बसतो. दाताळे वापरून झाले की दात खाली करून धावपट्टीपासून लांब ठेवा. फळीपासून खड्ड्याच्या लांबच्या टोकापर्यंत निदान १० मीटर हवेत. मोजताना टेप फळीच्या रेघेला काटकोनात लावायची, उमटलेल्या पावलाकडे तिरकी न्यायची नाही. मागे टेकलेला हात जवळ असेल तर माप हाताच्या खुणेपासून. आणि फाउल ठरवण्याचा नियम २०२१च्या नोव्हेंबरपासून बदलला आहे. बुटाचा शेंडा रेघेच्या सरळ वरच्या पातळीपुढे गेला की फाउल, जमिनीवर खूण उमटो न उमटो. उंच उडीबद्दल एवढेच की फोमची गादी नसेल तर पाठीवरची उडी शिकवू नका. वाळूवर फक्त कात्री, म्हणजे एकेक पाय दांडीवरून नेत घेतलेली उडी.

दिव्यांग खेळाडूंच्या फेकींना तर माणसे आणखी जास्त लागतात. बसून फेकणाऱ्यांची फ्रेम जमिनीला पट्ट्यांनी आवळून बांधावी लागते, तिची बैठक गादीसकट ७५ सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये, आणि हे दर खेळाडूमागे करायचे असते. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक १६.३२ मीटरवर जिंकले (ते उभे राहून फेकतात). त्यानंतर चौकशी करणारे दिव्यांग तरुण वाढले. त्यांना फ्रेम बांधून द्यायला हात मात्र वाढले नाहीत.

कुठे जायचे, हा प्रश्न उरतो. शाळेतल्या मुलांचा रस्ता क्रीडा विभागाचा. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट, आणि शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. दुसरा रस्ता जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेचा. तिथे वयोगट वेगळे असतात, शाळेच्या नावाने नाही तर स्वतःच्या नावाने उतरता येते आणि भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचा नोंदणी क्रमांक लागतो. दोन्हींकडे जन्मदाखला मागतात. तो आधार कार्डाशी जुळतो का हे स्पर्धेच्या सकाळी नको, जूनमध्येच बघा. नावातला एक काना किंवा वडिलांच्या नावाचे वेगळे स्पेलिंग यापायी चांगली मुले मैदानाबाहेर बसतात. पस्तिशीपुढच्यांसाठी मास्टर्स स्पर्धा असतात. बारा-तेराच्या वयात एकाच प्रकाराचा हट्ट धरू नये, थोडे धावणे, थोडी उडी, थोडी फेक हवी. स्पाइक्सची (तळाला खिळे असलेल्या बुटांची) पहिल्या सहा महिन्यांत गरज नाही.

स्वतः खेळायचे नसलेल्यांनी जिल्हा संघटनेच्या सचिवांना किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात ‘पंच म्हणून मदत करायची आहे’ एवढे सांगावे. पंचांचे वर्ग आणि परीक्षा होतात, पण त्याआधी दोन-तीन स्पर्धांत टेप, दाताळे आणि नोंदवही सांभाळलेली असावी. बँकेत हिशेब केलेल्यांना नोंदक आणि निकालाचे काम चटकन जमते. सर्व्हेअरला किंवा गवंड्याला ट्रॅक आखणे शिकवावे लागत नाही, उलट त्यांच्याकडून शिकावे. महिलांची गरज सर्वाधिक आहे. मुलींना क्रमांक लावून रांगेत उभे करण्याच्या जागी एक बाई असली, की तेरा-चौदाच्या मुली अडचण सांगू शकतात. बाई नसल्यामुळे ऐन वेळी ‘पोट दुखतंय’ म्हणून परत गेलेल्या मुलींची नोंद कुठल्याच निकालपत्रात होत नाही.

शेवटी आपल्याकडे, संपादक महोदय, दोन मागण्या. तालुका आणि जिल्हा स्पर्धांच्या तारखा निकालासारख्या नंतर नव्हे, आठ दिवस आधी छापा, म्हणजे मदतीला येणाऱ्यांना रजा टाकता येईल. आणि निकालात नाव, शाळा आणि सत्कार करणारे पाहुणे यांच्याबरोबर कामगिरीही छापा. वेळ हाताने घेतली असेल तर १२.४, यंत्राने घेतली असेल तर १२.६४, जशी असेल तशी. गोळाफेकीपुढे गोळ्याचे वजन लिहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीपुढे अडथळ्याची उंची. ‘गोळाफेकीत १३.२० मीटरसह प्रथम’ एवढ्याने पाच किलोने फेकला की सहाने हे कळत नाही, आणि शेजारच्या तालुक्यातल्या मुलीला किंवा मुलाला आपण कुठे आहोत याचा पत्ता लागत नाही.

आपले,
जिल्हा मैदानी स्पर्धांत पंच व प्रशिक्षक म्हणून काम करणारे काही जण